सरकारी कुरणात ताईच्या अकरा गाई

ती. कातालिनताईस,

धाकट्या बेत्तिरीचा टोपी काढून आणि कमरेत जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (हल्ली फारसं वाकता येत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार तू मनातल्या मनात धरून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरलाच चार व्यायाम शिकवून आलीस? गॅलरीतल्या जिरेनियमला सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात ऊन मिळतं का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी भावजय लुसील मजेत, कुत्रा मजेत, घास दोनदा कापून झाला आणि वाळवताना पावसाने एकदाही खोडा घातला नाही. रविवारी चोरिसोचं तिखट सॉसेज घालून घेवडा केला होता, तो बुधवारपर्यंत पुरला आणि रोज जास्त चांगला लागत गेला. थोडक्यात, तक्रार करायला जागा नाही, आणि माणसाला तक्रार करायला जागा नसली की समजावं, काहीतरी येऊ घातलंय.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. ही गोष्ट "बरं" म्हणून ठेवून देण्यासारखी नाही. आपला चराईचा परवाना दर दहा वर्षांनी नवा करावा लागतो, आणि यंदा त्याची पाळी आहे. तीस सप्टेंबरच्या आत झाला तर पुढची दहा वर्षं उन्हाळाभर डोंगर आपल्या गाईंचा. नाही झाला तर दोनशे चाळीस गाई घेऊन मी जाऊ कुठे? तुझी गॅलरी किती फूट आहे? घरची चाळीस एकर पाणथळ त्यांना हिवाळ्यात उभं राहायला पुरते, उन्हाळ्यात पोट भरायला नाही. तेव्हा हे पत्र सावकाश वाच, चष्मा लावून.

आधी थोडं मागचं सांगतो. (लुसील म्हणते, तुम्ही मागचं सांगायला लागलात की पुढचं थंड होतं. पण ती सध्या कोंबड्यांकडे आहे.) आजोबा पिरेनीजमधून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ब्लँकेट होतं आणि पगाराऐवजी मिळालेली दोनशे मेंढरं. गवत जिकडे जाईल तिकडे ते जायचे. मग सरकारने नियम केला की ज्याची स्वतःची जमीन असेल त्यालाच सरकारी डोंगरावर चराई मिळेल. आजोबा म्हणायचे, "गवत नाही तर मेंढरं नाहीत, मेंढरं नाहीत तर जमीन कुठली, आणि जमीन नाही तर गवत नाही. हे ज्यानं लिहिलं त्याला मेंढपाळ केला पाहिजे." पण म्हातारा खमका. कोणी घेत नव्हतं ते पाणथळ कुरण त्याने घेतलं, आणि त्या चाळीस एकरांच्या जोरावर आपल्याला हा परवाना आहे. त्यातलं अर्धं कुरण पपांच्या मृत्युपत्राने तुझ्या नावावर आहे, हे तू विसरली असशील. सध्या विसरलेलीच राहा, पुढे लागेल तेव्हा मी आठवण करीन.

मी नियमांविरुद्ध आहे असं मात्र समजू नकोस. शेजारपाजारचे लोक नियमांना शिव्या घालून मग न्याहारी करतात, तशातला मी नाही. तुला बॅजर ओढा आठवतो तो चिखलाचा, कडेला ना झाड ना झुडूप. आता तिथे वाळुंजाची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत आणि पाण्यात मासे दिसतात. हे नियमांनीच झालं, माझ्याच्याने झालं नसतं. एक मेच्या आधी एक खूर आत जाता कामा नये, पंधरा ऑक्टोबरनंतर एक शेपूट मागे राहता कामा नये. ओढ्याकाठचं गवत चार इंचांखाली खाल्लं गेलं की गुरं तिथून हलवायची. मिठाचे ठोकळे पाण्यापासून पाव मैल लांब ठेवायचे, म्हणजे गाई ओढ्यातच मुक्काम ठोकत नाहीत. सगळं शहाणपणाचं आहे. अडचण एकच, ही त्रेचाळीस पानं गाईंना वाचून दाखवायची सोय नाही.

चराईच्या कचेरीत जुने साहेब होते तेव्हा नियमांचं आणि आमचं छान जमायचं. बावीस वर्षं ते गाडीच्या काचेतून डोंगर बघत, लुसीलची कॉफी पीत आणि "हिरवं आहे" असं लिहून जात. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी टेसा हॅलोरन नावाची बाई आली. तिशीची, बोलायला गोड, आणि बुटात मोजायची पोलादी पट्टी खोचलेली. परवाना नवा करण्याआधी सगळं कुरण स्वतः बघणार म्हणाली. मी म्हटलं, जरूर. गेल्या मंगळवारी सकाळी ती स्वतःचा घोडा घेऊन हजर झाली.

पहिलं लचांड मिठाचं. मेमध्ये मी ठोकळा पावलं मोजून ठेवला होता, पाव मैलाला वीस पावलं जास्तच. आम्ही तिथे पोचलो तर ठोकळ्याच्या अलीकडे हे एवढं तळं, आणि आपल्या साठेक गाई मीठ चाटून मान वळवली की पाणी पितायत, पाणी पिऊन मान वळवली की मीठ. बीव्हरांनी ओढ्याला बांध घालून पाणी वर चढवलं होतं.

"हे मीठ पाण्यापासून किती लांब आहे?" तिने विचारलं.

"मेमध्ये पाव मैल होतं."

"आणि आता?"

"मीठ आहे तिथेच आहे, मिस हॅलोरन. पाणी भेटायला आलंय."

तिने बांधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्या बीव्हरांचा परवाना एकदा तपासायला हवा. "त्यांना लागत नाही," ती म्हणाली, आणि खाली उतरून ठोकळ्याची दुसरी बाजू तिने धरली. पन्नास पौंडांचा ठोकळा आम्ही दोघांनी मिळून टेकडीवर नेला. साठ गाई मिरवणुकीने मागून. तेव्हाच मला वाटलं, बाई वाईट नाही.

मग पट्टी निघाली. ओढ्याकाठी दहा पावलांवर एकदा वाकायचं, गवताचं खुंट मोजायचं, लिहायचं. पाच इंच, सहा इंच, साडेपाच. मी मागून चालत होतो आणि शाळेच्या निकालाला गेल्यासारखं वाटत होतं. एका जागी साडेतीन भरलं, तर मी सांगितलं की तिथे माझ्या घोड्याचा पाय पडलाय. तिने घोड्याचा पाय उचलून पुन्हा मोजलं. चार भरलं. एवढी न्यायी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

शेवटी राहिला पिंजरा. तुझ्या वेळी हे नव्हतं. कचेरीचे लोक गवतावर तारेच्या जाळीचं एक उंच टोपलं पालथं घालून ठेवतात, म्हणजे आत गाईचं तोंड पोचत नाही. आतलं गवत आणि बाहेरचं गवत शेजारी शेजारी बघितलं की गाईंनी किती खाल्लं ते कळतं. म्हणजे टोपलं हा सरकारचा पुरावा. आम्ही पोचलो तर जमिनीत चार खुंट्यांची भोकं होती, आत-बाहेर सगळं गवत बहिणीभावासारखं एक उंचीचं होतं, आणि टोपलं नव्हतं.

"चोरीला?" ती म्हणाली.

"इथे चोरणार कोण? सशांना काय करायचंय?"

एवढ्यात वाळुंजाच्या झाडीतून ती बाहेर आली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, चार वर्षांची. सरकारचं टोपलं गळ्यात. आतलं गवत खाऊन, पुरावा अंगावर घालून ती आमच्याकडे अशा नजरेने बघत होती की आम्हीच तिच्या घरात न विचारता शिरलोय. मी ओळखलं तिला. ती नेमकी कोणाची, हेही मला ठाऊक होतं.

तिला धरण्याचं सविस्तर वर्णन करत नाही. मी तीनदा दोर टाकला. पहिला झाडावर, दुसरा माझ्याच घोड्याच्या कानात, तिसरा इतका सुंदर की तो हवेत असतानाच मी टोपी सावरून घेतली. तो जमिनीवर पडला आणि गाय त्याच्यातून चालत गेली. सहासष्टाव्या वर्षी माणसाने काय काय सोडून द्यावं याची यादी लुसील करते आहे, तिच्यात हे एक वाढेल. टेसा हॅलोरन बराच वेळ सभ्यपणे ओढ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी बघू?" आणि पहिल्या फासात गाय. ओरेगनमध्ये बापाच्या गुरांमागे वाढलीय म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं? तिच्या घोड्याने दोर ताणून धरला, मी पाय बांधले, मानेवर बसलो आणि पक्कडीने जाळी कापायला लागलो. टेसा मागच्या बाजूला गाईच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, हात ठेवून बसली होती. आणि त्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने दिलेला मालकीचा डाग तिने वाचला.

"मिस्टर इरिगारे, तुमचा डाग कुठला?"

"शिडी."

"मग हा अर्धा चंद्र आणि दोन रेघा कोणाच्या?"

ताई, आता मला एक कबुली द्यायची आहे. एका गाईच्या मानेवर बसून मी ती टेसाला दिली, तुला खुर्चीवर बसून देतो. तू घर सोडून गेलीस त्या वसंतात पपांनी तुला फोनवर सांगितलं होतं की तुझी गाय पालोमा विकली. त्यांनी विकली नव्हती. तू दहा वर्षांची असताना त्यांच्याशी भांडून तुझ्या चंद्राच्या डागात दुसरी रेघ घालून घेतलीस, ते लोखंड त्यांनी त्या वर्षीच्या डागणीला आपल्या लोखंडाशेजारी विस्तवात ठेवलं. पालोमाच्या वासराला चंद्र, बाकीच्यांना शिडी. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. पपांना माती देऊन तू परत गेलीस, त्यानंतरच्या डागणीला मी एकटा विस्तवाशी उभा होतो. मी दोन लोखंडं तापवली. असं करायचं नाही, हे मला सुचलंच नाही. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. पालोमाच्या पणत्यांच्या पणत्या मिळून आज डोंगरावर तुझ्या अकरा गाई आहेत, एकजात हट्टी, आणि फाटक उघडं असलं तरी कुंपण तोडून जाणाऱ्या. (गोऱ्हे विकले त्याचं छप्पर झालं. छप्पर गळत नाही.) डागाची नोंद चालू ठेवायचा कागद तुझ्या नावाने येतो, तो मीच भरतो. तुझी सही मला तुझ्यापेक्षा चांगली येते.

टेसाने सगळं ऐकून घेतलं. गाय खाली होती, तिनेही ऐकलं असेल.

"एक्केचाळीस वर्षं?"

"हो."

"आणि त्यांना माहीतच नाही?"

"नाही."

"आमच्या नियमांत याला एकच नाव आहे," ती म्हणाली, "आणि ते चांगलं नाही."

आपल्या परवान्यावर फक्त आपली गुरं चरली पाहिजेत. दुसऱ्याची चरली तर ते सरकारी गवत परस्पर दुसऱ्याला दिल्यासारखं होतं, आणि तेवढ्यावर परवाना जाऊ शकतो. मीठ सुटलं, खुंटं सुटली, टोपलं गाईच्या नावावर टाकता आलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि शेपटाखाली तुझा डाग. मी विचारलं, माझी सख्खी बहीण दुसरी कशी? ती म्हणाली, कागदावर तुम्ही दोघं वेगळी माणसं आहात. मी म्हटलं, ते तर आहोतच, ती शहाणी आहे. पण लिहायचं ते तिने लिहिलंच: अकरा गाई, डाग बहिणीचा, तीस सप्टेंबरपर्यंत निकाली काढणे. खोटं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि नंतर ती आवडली नसती.

जेवणाच्या वेळी आम्ही घरी आलो. तर परवानाधारकाकडे जेवायचं नाही असा तिच्या कचेरीचा आणखी एक नियम निघाला. ती कुंपणापलीकडे बसून आपलं वाळकं सँडविच खायला लागली. लुसीलचा चेहरा तू बघायला हवा होतास. तिने वाडगाभर मटणाचा रस्सा आणि पावाचा तुकडा आणून कुंपणाच्या खांबावर ठेवला.

"बाई, हे मांजरासाठी आहे. मांजर आलं नाही तर वाया जाईल."

"तुमच्याकडे मांजर आहे?" टेसाने विचारलं.

"नाही," लुसील म्हणाली आणि आत निघून गेली.

खांब सरकारी की आपला यावर आम्ही थोडा वेळ चर्चा केली. तो नेमका हद्दीवर निघाला. वाडगा रिकामा परत आला, धुतलेला. निघताना तिने दोन कागद दिले आणि समजावून सांगितले. ते या पाकिटात आहेत.

पिवळा कागद सोपा आहे. त्यावर तू अकरा गाई आणि डाग मला दिलेस असं लिहिलंय. तिथेच कोपऱ्यावर नोटरी असेल, त्याच्यासमोर सही करायची आणि पाकिटात घालून पाठवायचं. (नोटरीसमोर म्हणतात म्हणून, नाही तर सहीसाठी मी तुला त्रास दिला नसता.) मग मी गाईंच्या पुठ्ठ्यावर चंद्राशेजारी शिडी देईन आणि परवाना नवा होईल. पांढरा कागद जरा भानगडीचा आहे. त्यात परवाना दोघांच्या नावावर करायचा. अर्धं कुरण तुझं आहेच (आठवण करीन म्हटलं होतं), तेव्हा नियमात बसतं. पण त्याला तू स्वतः येऊन कचेरीत सही करायला हवी, आणि ऑक्टोबरमध्ये गुरं खाली आणताना फाटकाशी मोजणीला उभं राहायला हवं. तुझा गुडघा बघता हे मी सुचवतसुद्धा नाही. नुसती माहिती म्हणून पाठवलाय. पिवळाच बरा. तुझं तिथे सगळं मार्गी लागलेलं आहे, मैत्रिणी आहेत, धुकं आहे. माझ्याकडून काही आग्रह नाही.

जिरेनियमना माझा आशीर्वाद सांग. टोपी परत डोक्यावर घालतो.

तुझा धाकटा भाऊ,
बेत्तिरी

ता.क. गुडघ्यावरून आठवलं. फाटकाशी मोजणी करायला चालावं लागत नाही. खुर्चीवर बसून खडे या हातातून त्या हातात टाकायचे, एवढंच काम. खुर्ची पपांचीच आहे. मी तिचा मोडलेला हात दुरुस्त केलाय, सहज वेळ होता म्हणून.

आणखी ता.क. आपल्या एल्को स्टेशनापर्यंत आगगाडी येते. हे मी चौकशी करून लिहीत नाही, इकडे सगळ्यांनाच माहीत असतं. बावीस सप्टेंबरच्या गाडीला खिडकीची जागा आहे.

शेवटचं ता.क. लुसील कोंबड्यांकडून आली आणि तिने पत्र वाचलं. म्हणाली, "वन्संना नुसतं या म्हणायला एवढी पानं लागतात?" मी म्हटलं, ती यायची नाही. ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलावलंत?" ताई, मी बसून आठवून बघितलं. एक्केचाळीस वर्षं मी गाईंवर तुझा डाग देत राहिलो आणि मला वाटायचं की तुला बोलावतोच आहे. गाई काही पत्रं लिहीत नाहीत. तर ये.

याच्यानंतर खरंच काही नाही. पाकीट बंद करताना पिवळ्या कागदावर कॉफी सांडली, सहीची जागा गेली. लुसील म्हणते, चुकून धक्का लागला. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिलेला नाही. कप आडवा होताना मी समोरच बसलो होतो, आणि कागद उचलायला मला काही सवड झाली नाही.